स्वरालीची कबुली

"फिर मैंने अलमारी खोली. डिब्बे में दोनों मुखौटे थे, लाल कपडे में. बॅग में डाले और फेरीवाले को दे दिए. बस."

एवढं बोलून स्वराली स्वेटरच्या बाहीतून सुटलेला धागा बोटाला गुंडाळू लागली. नयना वैरागडेने मागच्या आठवड्यातही हेच ऐकलं होतं, याच शब्दांत, याच क्रमाने. मुलं खरं सांगतात तेव्हा अडखळतात, मागे जातात, मध्येच गल्लीतल्या कुत्र्याची गोष्ट सांगतात. इतकं सरळ फक्त पाठ केलेलंच येतं, असा तिचा अनुभव होता.

"आता उलटं सांग," ती म्हणाली. "फेरीवाल्यापासून मागे, कपाटापर्यंत. फेरीवाला कुठे भेटला?"

"गेट के बाहर... नहीं, मार्केट में."

मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. चंदीगडमध्ये वाढलेल्या पोरांचं हे असंच. उत्तर देताना तिने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं आणि नयनाला नेमकं तेच खटकलं.

सेक्टर १७ मधल्या एका लोकरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर नयनाचं ऑफिस होतं. ती यवतमाळची. नवरा हवाई दलात. बदल्या होत होत इथे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. वकिली ती फक्त मुलांचीच करायची. चोरी, मारामारी, घरातून पळून जाणं, आईबापांच्या भांडणात कुणाकडे राहायचं, असलं सगळं. मोठ्यांनी मुलांच्या तोंडात घातलेली वाक्यं ऐकून ऐकून तिला संशयाची इतकी सवय लागली होती, की भाजीवाल्याने ताजी म्हणून दिलेली मेथीसुद्धा ती उलटीपालटी करून बघायची. नवरा देवेंद्र म्हणायचा, तुला कुणी आज गुरुवार आहे सांगितलं तरी तू कॅलेंडर बघशील. ती खरोखरच बघायची.

प्रकरण तसं छोटं होतं. डॉक्टर मधुरिमा आणि विनायक देशकर हे इथल्या एका मोठ्या इस्पितळातलं जोडपं. स्वरालीची आई सरोज त्यांच्याकडे स्वयंपाकाला. नवरा गेल्यावर ती वाशीमहून त्यांच्याबरोबर आली होती आणि मायलेकी त्यांच्याच बंगल्यामागच्या खोलीत राहायच्या. गेल्या भाद्रपदात देशकरांच्या आई गावाकडून चांदीचे मुखवटे घेऊन आल्या आणि या घरात पहिल्यांदा महालक्ष्म्या बसल्या. दिवाळीत चांदी उजळायला काढली, तर कपाटातला डबा रिकामा. लाल कपडा तेवढा घडी करून ठेवलेला. पोलिसांनी सरोजला चौकशीला नेलं आणि त्याच संध्याकाळी दहावीतली स्वराली स्वतः ठाण्यात जाऊन म्हणाली, मी घेतले.

तेव्हापासून दोघी शहराबाहेर पिंजौरला ओळखीच्यांकडे एका खोलीत राहत होत्या. उद्या बाल न्याय मंडळासमोर तारीख होती. तिथे कबुली नोंदली गेली की मंडळ फार तर समज देऊन सोडेल. पण मग वयाच्या पंधराव्या वर्षी ही पोर स्वतःच्या तोंडाने चोर ठरणार होती.

"सरोजबाई, हे तुम्ही पढवलंय का तिला?"

"मी काहून पढवीन मॅडम?" सरोजने शाल आवळली. "चूक झाली तिच्या हातून. कबूल करतो म्हणते, तर करू द्या न. लहान हाय, समज देऊन सोडतीन म्हणे."

"कोण म्हणे?"

"पोलीसवाल्या बाई."

"आणि मोठ्या माणसाला सोडत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं असेल."

सरोज जमिनीकडे बघत राहिली. नयनाच्या मनात गणित सुटलं होतं. मुखवटे हिनेच घेतले आणि निस्तरायला पोरीला पुढे केलं. तिला त्या बाईचा मनस्वी राग आला. तिने सरोजला खाली चहा सांगायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"स्वराली, मी तुझी वकील आहे. तुझ्या मम्मीची नाही, डॉक्टरांची नाही. तू इथे बोललेलं तू म्हणेपर्यंत बाहेर जाणार नाही. मुखवटे मम्मीने घेतले का?"

"मम्मी का नाम मत लो आप." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मुलीचा आवाज चढला. मग खाली आला. "पक्का किसी को नहीं बोलोगे?"

"पक्का."

"विसर्जनवाले दिन मैंने देखा था. पूजावाले कमरे में अकेली बैठी थी. एक मुखौटा गोद में था, पल्लू से पोंछ रही थी और रो रही थी. मुझे देखा तो झट से छुपा दिया." स्वरालीने बोटावरचा धागा तोडला. "वो जेल गई तो मेरा कौन है, मॅडम? मैं बच्ची हूँ, मुझे कुछ नहीं होगा. आप बस कल मुझे बोलने दो."

नयना शब्द देऊन बसली होती. उद्या खरं काढायला जावं तर पोरीची आई जाणार, आणि गप्प बसावं तर पोरीच्या कपाळावर चोरीचा शिक्का बसणार. मुलांची वकिली करताना असे दिवस येतात आणि ते अजिबात आवडण्यासारखे नसतात. सरोज चहा घेऊन आली, तेव्हा नयनाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली, तर देवेंद्र कणकेचं नवं पाकीट फोडत होता.

"या पाकिटाच्या पोळीला काही चव नाही," तो म्हणाला. "इथे गव्हाच्या राशीवर बसलेत लोक आणि खातात पाकिटातलं."

"तिळाच्या गजकचा डबा रिकामा कसा झाला?"

"मी एकच खाल्ली."

तिने त्याच्या शर्टावरचे तीळ बघितले आणि तो विषय सोडून दिला. "मला एक सांग, तुमच्याकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे वर्षभर कुठे असायचे? कपाटात?"

"छे. गव्हात." देवेंद्रने परातीत कणीक ओतली. "विसर्जनाच्या दिवशी महालक्ष्म्यांच्या पोटात भरलेला गहू काढायचा, कोठीत टाकायचा आणि त्यातच मुखवटे पुरून ठेवायचे. घरात धान्य खुटत नाही म्हणे. आणि कुणाला सांगायचं नाही. ज्या सुनेला महालक्ष्म्या सोपवायच्या, तिलाच सासू त्या दिवशी सांगणार. मी लहानपणी चोरून पाहिलं म्हणून मला माहीत."

"मला कधी बोलल्या नाहीत आई."

"तुला कुठे सोपवल्या? वहिनीला सोपवल्या."

एरवी या वाक्यावर नयना दोन दिवस धुमसली असती. आज ती हात न धुताच खुर्चीत बसली. मग स्वतःच्या विचारावरही तिला संशय आला. प्रत्येक घराची रीत वेगळी. एवढ्याशा गोष्टीवर पोरीला आशा लावायची कशी? तिने पिंजौरला फोन केला नाही.

सकाळी धुकं इतकं होतं की देशकरांचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. मधुरिमा इस्पितळात जायच्या तयारीत होती. ती नयनाला बस म्हणाली नाही.

"मागे घेणार नाही मी तक्रार. आम्ही त्या मुलीला शाळेत घातलं होतं, वकीलबाई. घरच्यासारखं वागवलं."

"मागे घ्या म्हणायला नाही आले. सासूबाईंना विचारलंत का तुम्ही?"

"काय विचारायचं?"

"मुखवटे कुठे ठेवले ते."

"कपाटातच असणार. डबा तिथेच होता." मधुरिमाने घड्याळ बघितलं. "आईंना यातलं काहीही कळू दिलेलं नाही. त्या पुण्याला धाकट्या दिरांकडे आहेत. बीपी आहे त्यांना. विनायकनेच सांगितलं, आईच्या कानावर जाता कामा नये."

म्हणजे पोलिसांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मोलकरणीची पोर मंडळापुढे उभी केली आणि जिने मुखवटे ठेवले तिला तेवढं विचारलं नाही. नयनाच्या जिभेवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. आपलं सासर काही वेगळं वागलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

"घरात गहू आहे?"

"गहू?" मधुरिमाला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. "आम्ही पाकीट आणतो. आईंनी पूजेसाठी आणवला होता, तो ड्रम पडलाय जिन्याखाली. किडला असेल एव्हाना."

"बघू या का?"

ड्रमच्या झाकणावर जुनी वर्तमानपत्रं आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी होत्या. मधुरिमाने त्या बाजूला केल्या, नाइलाजाने कोटाची बाही वर सारली आणि गव्हात हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग तिचा चेहरा बदलला. तिने हात हळूहळू वर काढला, तेव्हा त्यात चांदीचा मुखवटा होता. नथीच्या भोकात गव्हाचा दाणा अडकला होता. दुसरा काढायला नयनाला सांगावं लागलं नाही.

मधुरिमा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. "देवा," ती म्हणाली, "आणि मी तिला घराबाहेर काढलं." तिला रडू आलं. नयनाने ते रडणं खरं आहे का, हे मात्र तपासलं नाही.

मंडळाच्या खोलीत त्या पोचल्या, तोवर स्वरालीचं नाव पुकारलं गेलं होतं. धुक्यामुळे सगळीच गडबड होती. नयना टेबलाकडे धावली, पण न्यायाधीशबाईंनी नाव विचारताच पोरीने श्वाससुद्धा न घेता सुरू केलं.

"जी, मैंने चुराए. अलमारी खोली, डिब्बे में थे, लाल कपडे में..."

"मॅडम, एक मिनिट," नयना म्हणाली. मधुरिमाने पिशवीतून मुखवटे काढून टेबलावर ठेवले.

स्वराली बोलायची थांबली. न्यायाधीशबाईंनी मुखवट्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बेटा, ये तो यहाँ हैं. तुमने फिर क्या चुराया?"

स्वराली मागे वळून आईकडे पाहत राहिली आणि सरोज टेबलावरच्या मुखवट्यांकडे पाहत राहिली. पुढचं सगळं भराभर झालं. मधुरिमाने सांगितलं ते लिहून घेतलं गेलं, कबुलीवर काट मारली गेली आणि सगळे बाहेर व्हरांड्यात आले.

"सरोज, मला माफ कर," मधुरिमा म्हणाली. "चुकलं माझं. परत ये तू. खोली तशीच आहे. आणि हे, तुझ्या हातानेच ने घरी." तिने मुखवटे पुढे केले.

सरोज एक पाऊल मागे सरकली. तिने लांबूनच हात जोडले. "नाही मॅडम. हात नाही लावत आता."

स्वराली मध्ये आली. "तो उस दिन रो क्यों रही थी? मैंने देखा था. गोद में लेके बैठी थी."

सरोजने आधी इकडेतिकडे पाहिलं, आणखी कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. "तुहा बाप गेल्यापासून आमच्या घरी मले लक्ष्म्याईले हात लावू देत नव्हते. त्या दिवशी आजीबाईनं दिल्या माह्या हाती. म्हणे, पूस वं सरोज, मले दिसत नाही नीट. मग त्याईनं माघारी नेल्या, कुठी ठेवल्या मले नाही सांगितलं." तिने नाक पुसलं. "तू आली, तर मले वाटलं मॅडमच आल्या. म्हून लपवलं."

"मुझे लगा तूने लिए हैं."

"हं."

"और तूने? तूने मान लिया कि मैं चोर हूँ?"

"तूच म्हणे न," सरोज म्हणाली. "पोलिसाईपुढं तूच म्हणे."

"एक बार पूछा भी नहीं तूने, मम्मी."

कालपासून नयना या बाईला मनातल्या मनात उलटी तपासत होती. आता तिला तिच्याकडे बघवेना. केस जिंकली होती आणि व्हरांड्यात कुणालाच बरं वाटत नव्हतं.

मधुरिमा गाडीने सोडते म्हणाली. सरोजने नको म्हटलं. खोलीचं काय ते कळवते म्हणाली आणि कळवणार नाही हे तिघींनाही समजलं. नयना त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेली. वाटेत सरोजने भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली, स्वरालीला लहानपणापासून आवडतात म्हणाली. ते ती नयनाला सांगत होती, पण पोर दहा पावलं पुढे चालत होती.

पिंजौरची बस जवळजवळ रिकामी होती. स्वराली खिडकीशी बसली आणि दप्तर शेजारच्या सीटवर ठेवलं. सरोज ते उचलायला वाकली, थांबली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. नयना खाली उभी होती. पुसलेल्या काचेतून तिला दोघी दिसत होत्या. सरोज शेंगा सोलत होती. मूठभर दाणे झाले, तसे तिने सालं फुंकून उडवली आणि दोन सीटच्या मधल्या वाटेवर हात लांब केला.

मुलगी बाहेर बघत राहिली. बस सुटली, वळणाशी धुक्यात शिरली, तोवर तो हात तसाच पुढे धरलेला होता.