हिरामणचा गुडघा आणि तीन कॉलेजं

हिरामण घरत मॅट्रिक पास झाला याचा उलवे गावात कुणाला विशेष आनंद झाला नाही. निकाल लागण्याआधीच मुंबईच्या दोन कॉलेजांचे सर गावात येऊन जेवून गेले होते, त्यामुळे पास-नापास हा तपशिलाचा भाग उरला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. हुतूतूला पेपरवाले कबड्डी म्हणू लागले होते आणि मुंबईच्या कॉलेजांना शोध लागला होता की खाडीपलीकडच्या गावांत मिठाबरोबर चढाई करणारी पोरंही पिकतात. त्या पिकातला हिरामण म्हणजे अव्वल माल. पावणे गावच्या संघाला एका दमात लोळवून, मधल्या रेषेवर येऊन, धोतराचा काष्टा नीट करणारा पोरगा.

गावच्या व्यायाम मंडळाचे अध्यक्ष धर्माशेठ पाटील. मिठागराचे मालक तेच, सरपंच तेच, आणि त्यामुळे साहजिकच शिक्षणातले जाणकारही तेच. हिरामणचा बाप वारलेला, आई गोजरा धर्माशेठच्याच मिठागरावर कामाला. म्हणजे पोराचं पालकत्व कुणाकडे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हिरामणने कुठल्या कॉलेजात जावं हे ठरवायला मंडळाची सभा बसली. सभेला हिरामणलाही बोलावलं होतं. पाणी द्यायला.

पहिल्या कॉलेजचे साळगावकर सर भर मे महिन्यात लोकरीचा कोट घालून आले होते. कोटाच्या खिशावर कॉलेजचं चिन्ह होतं. ते दिसावं म्हणून ते छाती पुढे काढूनच जेवले.

"फी माफ. राहायची सोय माफ. रोज दोन अंडी, शेरभर दूध," ते म्हणाले. "आणि वर्गात बसलंच पाहिजे अशी सक्ती नाही."

"मंडळाला काय?" धर्माशेठ म्हणाले.

"मंडळाला बनियनचे दोन संच."

"दुसरं कॉलेज बनियन आनि चड्ड्या देतंय."

सरांनी कोटाचं एक बटण काढलं. "चड्ड्याही देऊ."

पाटलाच्या घरची सोयरीक एवढी खोलात जाऊन झाली नव्हती. शेवटी साळगावकर सर बॅटऱ्यांवर चालणाऱ्या रेडिओपर्यंत आले, तेव्हा सभेत समाधानाची कुजबुज झाली. त्या कुजबुजीत हिरामणने तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "सर, विषय कोनता?"

सरांना प्रश्न कळला नाही. इतक्या वर्षांत कुठल्या खेळाडूने तो विचारला नव्हता.

"मना सायन्स पाहिजे," हिरामण म्हणाला.

"सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारी. सराव दुपारी. कसं जमायचं?" सर मायेने म्हणाले. "तू इतिहास घे. इतिहास काय, होऊन गेलेलाच असतो."

सगळे हसले. धर्माशेठ तर इतके हसले, की विनोद त्यांना कळला असावा असं वाटलं.

हिरामणला सायन्स कशाला हवं होतं, तर त्याच्या धाकट्या बहिणीमुळे. कमळी लहान असताना तिला ताप आला, आणि ताप गेला तो उजव्या पायाची ताकद घेऊन गेला. पुढे दीड-दोन वर्षं हिरामण दर सोमवारी तिला पाठुंगळी मारून मचव्यातून भाऊच्या धक्क्याला आणि तिथून एका इस्पितळात न्यायचा. तिथे बर्वे नावाच्या एक बाई होत्या. त्या ना सुई टोचायच्या, ना औषध द्यायच्या. नुसता पाय हातात घेऊन वाकवायच्या, ताणायच्या, कमळीला दांड्यांना धरून उभी करायच्या आणि ती रडली की रागवायच्या. त्या रागावण्यातून कमळी चालू लागली. पाय ओढत, पण स्वतःच्या पायांनी. हिरामण कोपऱ्यात बसून ते बघायचा. खेळताना त्याला जे सुचत नव्हतं ते तिथे सुचलं, की आपल्याला हे काम शिकायचं आहे. इस्पितळाला लागूनच या कामाची, फिजिओथेरपीची, शाळा होती. मॅट्रिकला शास्त्र विषय लागत आणि मग मुलाखत; तिथे नाही जमलं तर निदान कॉलेजात सायन्स तरी. त्यासाठीच तो पनवेलला मावशीकडे राहून शिकला होता.

हे त्याने सभेत सांगून टाकलं.

"फिजिओथेरपी म्हंजे काय रे?" धर्माशेठनी विचारलं.

"हातापायांचे व्यायाम. चोळनं, शेकनं, चालायला शिकवनं..."

"मालीश!" धर्माशेठनी उलगडा केला. "आरे, मॅट्रिक होऊन मालीश करनार? ती चौपाटीवर तेलाची बाटली घेऊन बसलेली मानसं काय मॅट्रिक हायत? आमी तुला कॉलेजात घालतोय, तू आंगं रगडायला निघालास?"

सभेने ठराव केला. जूनच्या आधी पावण्याशी सामना ठेवायचा, दोन्ही कॉलेजांच्या सरांना बोलवायचं, आणि जे सर सामना बघून जास्त देतील त्यांच्याकडे पोरगा द्यायचा. गोजराला हे घरी कळलं. ती एवढंच म्हणाली, "रेडियो कुनाच्या घरात ठेवनार?"

हिरामण विचार करकरून थकला आणि सरळ गेलं तर गाव सोडत नाही या निष्कर्षाला आला. मग वाकडंच गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मिठागराच्या बांधावर कमळी त्याला लंगडायला शिकवत होती.

"आसा नाय रे, दादूस! तू कमरेतना लचकतंस. तमाशातली बाई वाटतंस."

"मंग कसा?"

"पाय टाकायचा नाय. पाय इसरायचा. फुडं गेलास का आठवन करायची, आनि मागना वढून आनायचा. हां. आता तोंड वाकडा कशाला केलास?"

"दुखतंय ना."

"मना कवा बघितलास तोंड वाकडा करताना? रोज लंगडनारी मानसं तोंड नाय वाकडा करत, येड्या. चल, परत."

शिकवणारी चोख होती, विद्यार्थी मेहनती होता. आठवडाभरात हिरामण असा लंगडू लागला की मागून बघणाऱ्याला कमळीच जाते आहे असं वाटावं.

सामन्याच्या दिवशी हिरामण चढाईला गेला. पावण्याच्या पंढरी म्हात्रेने त्याचा घोटा धरला आणि हिरामण गुडघा धरून किंचाळत पडला. किंचाळीही कमळीने आधी ऐकून मंजूर केलेली होती. तो उठेना. खेळ थांबला. बायांनी देवीला नारळ बोलला. म्हातारे डोळे पुसू लागले. कमळीचा पाय गेला त्या वर्षी गावाने दोन दिवस हळहळ केली आणि मग भातलावणीला लागलं. हिरामणच्या गुडघ्यासाठी मात्र त्या संध्याकाळी अर्ध्या गावाची चूल पेटली नाही.

हाडं बसवणाऱ्या गोटीरामला बोलावलं. त्याने डोळे मिटले, धडधाकट गुडघ्यावरून बोटं फिरवली आणि उसासा टाकला.

"वाटी सरकली. शीर वाटीवर चढून बसली हाय. बोटाला लागतेय." त्याने अंगठा दाबला. "हितं दुखतंय?"

"हां," हिरामण म्हणाला.

"आनि हितं?"

"तितं बी."

"बघा!" गोटीराम लोकांना म्हणाला.

कमळी तोंडावर ओढणी धरून घरामागे पळाली. भावाच्या दुःखाने पोरगी कासावीस झाली, असं शेजारणी म्हणाल्या.

साळगावकर सरांनी आपल्याबरोबर कॉलेजचे डॉक्टर आणले होते. त्यांनी गुडघा ठोकून पाहिला आणि इंग्रजीत काहीतरी फाटलं असल्याचं सांगितलं. इंग्रजीत सांगितल्यामुळे ते फाटलंच. वाटी सरकली की फाटलं, यावर दोन्ही वैद्यांचं जुळलं नाही. पण गुडघा गेला यावर एकमत झालं. साळगावकर सर रेडिओबद्दल काही न बोलता संध्याकाळच्या लाँचने गेले. दुसऱ्या कॉलेजचे सर जास्त व्यवहारी निघाले. ज्याने हिरामणसारख्याचा गुडघा मोडला तो पोरगा कामाचा असणार, हे त्यांनी ओळखलं आणि पंढरी म्हात्रेला तिथल्या तिथे पसंत केलं. बनियन आणि चड्ड्या पावण्याला गेल्या.

उलव्याला हिरामणचं आता काही काम उरलं नाही. लोक त्याच्याकडे बघायचे ते बुडालेल्या मचव्याकडे बघावं तसे. हिरामणला वाटलं, सुटलो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो धर्माशेठकडे जाऊन म्हणाला, "शेठ, उद्या मुंबईला इस्पितळात जातोय." एक अक्षर खोटं नव्हतं.

धर्माशेठचे डोळे चमकले. दसऱ्याच्या कबड्डी सामन्यांत मिळणारी ढाल अजून त्यांच्या मनातून गेली नव्हती. "गुडघा दाखवायला? मी बी येतो."

त्यामुळे हिरामण लाँचमध्ये लंगडला, भाऊच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर लंगडला, इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात लंगडला आणि मुलाखतीच्या खोलीतही लंगडतच शिरला. धर्माशेठना बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. दाराला अर्धाच पडदा होता. त्यातून दिसायचं सगळं, ऐकू यायचं नाही काहीच.

आत बर्वेबाई होत्या. केस पांढरे झाले होते, रागावण्याची तयारी तीच होती.

"या कामात दिवसभर उभं राहावं लागतं. माणसं उचलावी लागतात," त्या म्हणाल्या. "लंगडणाऱ्या मुलाला मी कसं घेऊ?"

इतके दिवस हिरामण ज्या पायावर भिस्त ठेवून इथवर आला, त्याच पायाने आता त्याला खड्ड्यात घातलं होतं.

"काय झालंय पायाला?"

"गुडघा. खेळताना वाटी सरकली."

"पुन्हा चाल."

तो चालला.

"हे गुडघ्याचं चालणं नाही," बाई म्हणाल्या. "गुडघा दुखणारा माणूस पाय घाबरत घाबरत टाकतो. तुझं चालणं पोलिओचं आहे. लहानपणी पाय गेलेल्याचं. असं चालणारा हुतूतू खेळूच शकत नाही. झोप त्या टेबलावर."

त्यांनी त्याचा पाय हातात घेतला. वाकवला, ताणला, फिरवला. मग चष्मा काढला.

"कुणाकडून शिकलास?"

खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. "बहिनीकडून. कमळी घरत. तुमीच तिला चालवली."

"उजवा पाय. रडकी." बाईंना आठवलं. "आणि तू कोपऱ्यात बसायचास. हे कशासाठी केलंस?"

त्याने सांगितलं. अंड्यांपासून इतिहासापर्यंत सगळं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी दुसऱ्या वर्षाची मुलं वर्षभर रोगी बघून एवढं चालणं टिपत नाहीत. ऊठ. सरळ चालून दाखव. आता बैठका काढ. अजून. दमलास?"

"नाय."

"मग घेतला."

पडद्यामागे धर्माशेठनी जे पाहिलं ते असं: पोरगा लंगडत आत गेला. एका म्हाताऱ्या बाईने त्याला टेबलावर आडवा केला, पाय धरून दोन झटके दिले, कानात काही मंत्र म्हटल्यासारखं केलं, आणि पोरगा उठून बैठका काढू लागला. धर्माशेठ डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. देवळाबाहेर त्यांना कुणी असं पाहिलं नव्हतं.

"बाई, किती द्यायचे?" बाई बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"पैसे कसले? ही शाळा आहे. तुमचा मुलगा जूनपासून इथं शिकायला येणार."

धर्माशेठनी हिरामणकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. गावात धाकट्या पाटलाचा खांदा निखळलेला होता, गणूचा घोटा दर मोसमाला सुजायचा, आणि गोटीरामने हात लावलेला माणूस पुन्हा मैदानात उतरलेला कुणाला आठवत नव्हता. पावण्याला चड्ड्या मिळाल्या असतील. असं टेबल नव्हतं.

"मंडळानं ठरवलं," ते म्हणाले. मंडळ म्हणजे त्या क्षणी व्हरांड्यात ते एकटेच होते, पण कोरम भरला. "हिरामन हितंच शिकनार. दुसरं कॉलेज नाय."

परतीच्या लाँचमध्ये धर्माशेठ शेजारच्या उतारूंना गुडघ्याची कथा सांगत होते. दर सांगण्यात बाईंचे झटके कमी होत गेले. शेवटच्या कथेत तर नुसता हात लावला होता. हिरामणला ते ऐकवेना. बाईंनी त्याला खरं बोलायला लावलं होतं, आणि शाळेत घेतलं होतं तेही खरं बोलल्यावरच. त्याने ठरवलं, इथेही बोलून टाकायचं. फार तर शेठ खाडीत ढकलतील. पोहता येत होतं.

"शेठ," तो म्हणाला, "माझा गुडघा कवा दुखलाच नवता. मी ढोंग केलं. कमळीनं शिकवलं मना."

धर्माशेठच्या चेहऱ्यावर कीव आली.

"गोटीरामनं बोटानं बघितलं, वाटी सरकलेली. कॉलेजच्या डॉक्टरनं इंग्रजीत सांगितलं, फाटलंय. मी या डोळ्यांनी बघितलं, बाईनं बसवला," ते म्हणाले. "आनि तू सांगतंस, दुखतच नवता? तुला काय कळतंय रे गुडघ्यातलं? आदी शिकून ये."