स्थळ क्रमांक चार: आमचं घर

या सायकलवाल्यांचं कधी भलं होणार नाही, असं मी रोज दुपारी म्हणते आणि कूस बदलते. पहाटेपासून बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून आलेल्या बाईला दुपारी तासभर झोप मिळू नये? डोळा लागतो न लागतो तोच खिडकीच्या काचेला नाक लावून कुणीतरी ओरडतं, "अगं, इथे अजून कुणीतरी राहतं वाटतं!"

राहतं, बाई. मी राहते.

पर्यटन खात्याने नदीकाठाने सायकलींसाठी वाट काढली. वाट देखणी आहे, खोटं कशाला बोलू? आधी दगडी कमानींचा पूल, मग टेहळणीचा बुरूज, पडकं जकातघर आणि शेवटी हिरव्या उतारावरून वळण घेतलं की जुनी पाणचक्की. ही पाणचक्की आमच्या घरामागे. तिच्याभोवती सगळा कातळ. पाटी लावायला आलेल्या कंत्राटदाराची पहार तिथे शिरेना, म्हणून त्या दीडशहाण्याने माझ्या भाजीच्या वाफ्यात, मऊ मातीत खांब ठोकला आणि निघून गेला. 'ऐतिहासिक स्थळ क्रमांक चार', आणि बाण सरळ आमच्या दाराकडे. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

नवऱ्याला फोन केला. तो ट्रक चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस परगावी. म्हणाला, "चार माणसं आली तर बिघडलं कुठे?" उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं?

पण खरा वैताग सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडाला कुलूप. जन्मभर शिंपीकाम केलं, आताही दिवसभर मशीनपाशी बसून असतात. मी काही विचारलं तर मान हलवतात, फार झालं तर "चहा" म्हणतात. आणि दारात सायकलची घंटा वाजली की हाच माणूस तरतरीत! "या, या, आत या!" लोकांना बाहेरच्या खोलीत नेतात, भिंत दाखवतात, मशीन दाखवतात, तासन्‌तास बोलतात. आतल्या खोलीत मी कानात कापूस घालून पडते. एकदा चिडून विचारलं, "बाबा, या घराला कसला डोंबलाचा इतिहास?" त्यांनी नुसती मान हलवली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

शेवटी मी खात्यात जाऊन साहेबाला ठणकावलं, "एक तर ती पाटी राहील नाहीतर मी. मी चालले माहेरी." सून माहेरी गेली तर म्हाताऱ्याला जेवायला कोण घालणार, या विचाराने असेल, आज साहेब स्वतः पाना घेऊन मागच्या दाराने आला. मी विस्कटलेल्या केसांनीच उठले. बाहेरच्या खोलीत हेल्मेटवाल्यांचा घोळका होताच.

"थांबा, आधी यांना हाकलते," असं साहेबाला म्हणत मी पडद्याला हात घातला. आज कानात कापूस नव्हता.

"पाणी इथवर होतं," बाबा भिंतीला हात लावून सांगत होते. "चक्कीचा बांध फुटलेला. मुलगा परगावी. सून म्हणाली, बाबा, चला. मी म्हटलं, मशीन सोडून येणार नाही. दुसरी असती तर म्हणाली असती, बसा मग! हिने मशीन डोक्यावर घेतलं, चढावर नेऊन ठेवलं आणि छातीभर पाण्यातून परत आली. माझ्यासाठी." त्यांनी मशीनवर हात ठेवला. "मशीन निमित्त होतं हो. बायको नुकती गेली होती. मला यायचंच नव्हतं. हे सुनेला अजून ठाऊक नाही."

रागच आला मला. वाटेवरच्या कुणाही सोम्यागोम्याला हे ठाऊक, आणि मी मात्र चादर डोक्यावर घेऊन पडलेली!

"ताई, काढू ना पाटी?" साहेब मागून कुजबुजला.

"गप्प बसा हो जरा," मी म्हटलं आणि पडदा सारून बाहेरच्या खोलीत गेले.

मला पाहून बाबांचं तोंड मिटलं. हेल्मेटवाली एक पोरगी म्हणाली, "आजोबा, मग पुढे?"

"पुढे काही नाही. झालं."

मी त्या पोरीशेजारी खाली बसले. "असं कसं झालं? परत आल्यावर ती काय म्हणाली, ते सांगा की."

बाबा घोळक्याकडे वळले.

"शिव्या दिल्या तिने मला," ते म्हणाले तशी मंडळी हसली. बाबा हसले नाहीत. "आणि म्हणाली, तुम्हीही गेलात तर या घरात मी बोलायचं कुणाशी?"

मग घोळक्याकडची मान त्यांनी माझ्याकडे वळवली.

"तेव्हापासून, सूनबाई, तुझ्याशी काय बोलावं तेच सुचत नव्हतं. म्हणून या लोकांपाशी सराव करत होतो."