कारणाचा रकाना

बजरंगने खोडलेल्या अक्षरावरचा रबराचा भुगा फुंकला, घड्याळात पाहिलं आणि चुकांच्या तक्त्यात नवी ओळ भरली. वेळ: पाच बावन्न. चूक: आकडा शेजारच्या चौकोनात पडला. दुरुस्ती: दोन मिनिटं. शेवटचा रकाना कारणाचा. तिथे त्याने 'थकवा' असं लिहिलं. आज हा शब्द त्याने सहाव्यांदा लिहिला होता, आणि खरं सांगायचं तर थकवाबिकवा काही नव्हता.

लोणावळ्याच्या त्या भाड्याच्या बंगल्यात पुण्याच्या एका कारखान्यातली आठ पोरंपोरी प्रोग्रॅम लिहायला शिकत होती. साल चौऱ्याहत्तर. कॉम्प्युटर होता मुंबईला, यांच्या वाट्याला नुसते कागद. एका ओळीत ऐंशी चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. त्यावरून मुंबईत कार्डांना भोकं पाडायची आणि ती मशीनला चारायची. एका अक्षराने जरी घर चुकवलं, तरी दोन दिवसांनी सगळा गठ्ठा तोंडावर मारल्यासारखा परत यायचा. म्हणून शिकवणाऱ्या सरांनी फर्मान काढलं होतं: मशीनच्या नावाने खडे फोडू नका, स्वतःला मोजा. किती वेळ लिहिलं, कितीदा चुकलं, केव्हा आणि का. सरांच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच लटकलेलं असे. पोरं त्यांना पाठीमागे घड्याळमास्तर म्हणत.

"जो मोजतो त्याला स्वतःचं काम कळतं," हे त्यांचं पालुपद. ते ऐकलं की बजरंग आपला तक्ता वहीखाली सरकवायचा.

शेजारच्या टेबलावर तळेगावची हिरा बसायची. तिने बुधवारी त्याचा तक्ता सहज ओढला आणि बोट फिरवत फिरवत थांबली.

"अरे, तुझी एकही चूक पाचच्या आतली नाही. एकतीसच्या एकतीस पाचनंतरच्या! दिवसभर देवमाणूस, आणि संध्याकाळी काय होतं रे तुला? घेतोस की काय?"

ती हसली. तोही हसला. मग तक्ता परत घेताना त्याच्या घामेजलेल्या बोटांचे ठसे कागदावर उमटले.

काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मळवलीच्या त्यांच्या घरात ते ठाऊक नसलेला माणूसच नव्हता. वडिलांना, नथूआबांना, तिशीच्या आत दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. रेल्वेतलं रुळांवरचं काम सुटलं. चाळिशीत दिवसाचा उजेडही गेला. आबांच्या वडिलांचं तसंच झालं होतं. बजरंगला आता सव्विसावं चालू होतं. दिव्याखालचा कागदसुद्धा कडेने विरत जायचा, चौकोनांच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या, आणि तो भीतीने पेन्सिल इतकी दाबायचा की टोक तुटायचं. नोकरी गेली तर घरी दोन आंधळे आणि एकटी आई. हा हिशेब कुठल्याच तक्त्यात मांडायची त्याची छाती नव्हती.

त्याने एकच केलं. भल्या सकाळी खिडकीपाशी बसून काम पाचच्या आत उरकायला सुरुवात केली. संध्याकाळी नुसता कागद पुढे ओढून बसायचा. पुढच्या आठवड्याच्या शनिवारी तक्ते तपासताना सर त्याच्या टेबलापाशी थांबले.

"एकतीसवरून एक! ऐका रे सगळे. ह्याला म्हणतात स्वतःला मोजणं. आपण कधी थकतो हे ह्या पठ्ठ्याने शोधलं आणि कामाची वेळच बदलली."

टाळ्या पडल्या. हिराने सगळ्यांत जोरात वाजवल्या. बजरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुढच्या महिन्यात मुंबईला तुला पाठवतोय," सर म्हणाले. "मशीन आपल्याला रात्रीच मिळतं, तेव्हा रात्रपाळी. चालेल ना?"

"सर, मी... जरा घरी विचारतो."

"विचार. सोमवारी सांग. पण नाही म्हणालास, तर कारण लागेल हं."

मळवलीला तो गाडीतून उतरला तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. फलाटाच्या टोकाला आबा काठी टेकून उभे होते. दर शनिवारी ते न्यायला यायचे. आंधळा डोळसाला न्यायला निघाला, अशी गावात थट्टा चालायची आणि आबांनाही ती आवडायची. एरवी बजरंग पिशवी एका हातात घ्यायचा, दुसऱ्या हाताने आबांचं मनगट धरायचा आणि पुढे चालायचा. आज, गेल्या शनिवारसारखाच, त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे राहिला.

"पेपरं सुटली का रं बिनचूक?"

"व्हय आबा. शाबासकी मिळाली."

ओढ्यावरची फळी पार झाली. पुढे भातखाचरांचा बांध, दोन्हीकडे गुडघाभर चिखल. उजेड आता पार विझला होता. बजरंगला पायाखालचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. तो आबांच्या खांद्याला धरून पाऊल घासत घासत टाकत होता आणि मनात म्हणत होता, आंब्यापातूर निभू दे, पुढं अंगणातला कंदील हाय.

आबा एकाएकी थांबले.

"बजरंग, म्होरं कोन चालतंय?"

बजरंगचं पाऊल जागीच थांबलं.

"गेल्या शनवारी बी म्याच म्होरं व्हतो. म्हनलं, दमला आसंल पोरगा." आबांनी खांद्यावरचा त्याचा हात चाचपला. "पाय घासटत टाकतूयस. मी त्योच पाय टाकीत आलोय जलमभर. मला वळकू येत न्हाई व्हय? कवापासनं?"

"गनपतीपासनं," बजरंग म्हणाला.

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. खाचरात बेडूक ओरडत होते.

"आयला कळलंय?"

"न्हाई. कुनालाच न्हाई. आबा, मला मुंबईला रात्रपाळीला धाडत्यात. काय सांगू? लय भ्या वाटतंय."

"भ्या वाटायचंच. मलाबी वाटलं व्हतं, आन् माज्या बानं मला सांगितलंच न्हाई काय. दोन वरसं निस्ता पडत ऱ्हायलो." आबांनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला आपल्या पुढे केलं. "सायबाला सोमवारी खरं सांग. मी येतो संगं. आदी हितलं शिक. फळीपासनं आंब्यापातूर दोनशे पावलं, साठ झाली, एकशे चाळीस ऱ्हायली. आंबा आला की डावीकडं. पाऊल उचलून टाक, लांब न्हाई आन् आखूड न्हाई. मोठ्यानं मोज."

"आबा..."

"मोज म्हंतो ना."

बजरंगने पाऊल उचललं. खाली घट्ट माती लागली. एक, तो म्हणाला. दोन. तीन. मागून काठीचा ठोका त्याच तालात येत होता. तो विसांवर पोचला, तिसांवर पोचला. एकेचाळिसाला तो अडखळला आणि पुढचा आकडा तोंडातून येईना.

मनगट न सोडता आबा मागून म्हणाले, "बेचाळीस."