लसींच्या होडीतली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. पण गाडी सुरू करणारी नव्हे. ती माझी बहीण. ती एका दमात सगळा जोर लावते आणि मोकळी होते. मी मात्र तासन्‌तास थोडी थोडी वीज देत राहते. त्यासाठीच कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या जाड पट्ट्या बसवल्या.

माझी नेमणूक दवाखान्याच्या होडीवर झाली. तलावापलीकडच्या वस्तीला रस्ता नव्हता. दर मंगळवारी सिस्टर लसी घेऊन तिकडे जात. लसींचा छोटा फ्रिज माझ्यावर चाले.

होडीवाले काका मला जिवापाड जपत. माझ्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी पुसत, सहाही झाकणं उघडून बॅटरीचं पाणी पाहत आणि माझी निम्म्याहून जास्त वीज कधी वापरू देत नसत. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणत.

"काका, सुनेपेक्षा हिचेच लाड जास्त!" सिस्टर हसत. मला फार बरं वाटे.

पुढे काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि होडी तीन महिने त्यांच्या पुतण्याकडे आली. माणूस मनाने चांगला, पण हौशी. त्याने माझ्यावर पंखा लावला, दिवसभर गाणी लावली. झाकणं मात्र एकदाही उघडली नाहीत. माझं पाणी आटलं, पट्ट्या उघड्या पडल्या. मी सांगणार कुणाला?

एका मंगळवारी भर तलावात सिस्टरनी फ्रिज उघडला, तर तो बंद! आतल्या तापमापकाचा पारा चढलेला.

"होडी वळव," त्या म्हणाल्या.

"अहो, पण काठावर आया वाट बघतायत."

"दिसतायत मला. पण गरम झालेली लस मी कुणाच्या बाळाला टोचणार नाही."

आम्ही परत फिरलो. 

दुसऱ्या दिवशी त्याने मला बॅटरी दुरुस्त करणाऱ्या ताईंकडे नेलं. त्यांनी पट्ट्या बुडतील इतकं शुद्ध पाणी घातलं, सावकाश चार्ज केलं, मग पाणी खुणेपर्यंत भरून मला विश्रांती दिली. नंतर मीटर लावला.

"साडेबारा व्होल्टच्या वर! म्हणजे ठणठणीत आहे की," पुतण्या खुलला.

"दिसतं तसं नसतं, भाऊ." ताईंनी मला एक मोठा दिवा जोडला आणि घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासातच मीटरचा आकडा घसरला. मग त्यांनी एकेका कप्प्यातलं ॲसिड नळीत ओढून तपासलं. "पाच कप्पे बरे आहेत, सहावा खंगलाय. हिच्यावर एखादा लहान दिवा चालेल. लसींचा भार मात्र नको."

मला वाईट वाटलं, पण ताई खरं बोलत होत्या.

पुढच्या मंगळवारी नवी बॅटरी फ्रिजला जोडली गेली. मला पलीकडच्या काठावर, लसी टोचायच्या शेडमध्ये दिव्यासाठी ठेवलं. तिथे एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या.

"गेल्या खेपेला दोन तास चालत आले होते मी," त्या म्हणाल्या.

पुतण्याने मान खाली घातली. "चूक माझी होती, आजी. मी बॅटरीकडे बघितलंच नाही."

"आता बघतोस ना? मग धर याला. टोचताना माझ्याच्याने बघवत नाही."

त्याने बाळाला घेतलं. सुई टोचताच बाळाने टाहो फोडला आणि पुतण्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला. त्याचेही डोळे भरून आले.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना दुखलं तरी ओरडता येत नाही. म्हणून आम्ही बंद पडायची वाट पाहू नका. चालू असतानाच एकदा वाकून बघा.