शेकोटीला शेजाऱ्याची संमती

आमचे हे अग्निशमन दलात आहेत. पूर्वी बंबावर होते. गुडघे कुरकुरायला लागले तसं नगरपालिकेने त्यांना तक्रारींच्या कामावर बसवलं. कुणी अंगणात कचरा पेटवला, कुणाच्या परसातल्या शेकोटीचा धूर शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरला, की हे स्कूटरवरून जातात आणि नियम ऐकवतात. नियम तोंडपाठ. मी पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते असं विचारलंत तर क्षणभर विचार करतील, पण शेकोटीचा खड्डा भिंतीपासून किती लांब हवा ते झोपेतून उठवून विचारा.

माझे धाकटे दीर शेजारच्याच घरात राहतात. शिंपी आहेत, पुढच्या खोलीत दुकान. दोन्ही परसांच्या मध्ये मेंदीचं कमरेएवढं कुंपण आणि त्याला एक फट. ती फट आमच्या लेकीने लहानपणी ये-जा करून पाडली. ती सकाळी एका घरी दूध प्यायची आणि दुसऱ्या घरी परत प्यायची, आम्हा दोघी जावांना हे कळेपर्यंत चांगली गुटगुटीत झाली होती.

तर गेल्या पानगळीत भाऊजींनी परसातला पाला गोळा करून पेटवला. पाल्यासोबत दुकानातल्या चिंध्याही टाकल्या. त्यात नायलॉन. असा वास सुटला की मागच्या गल्लीतून कुणीतरी तक्रार केली, आणि तक्रारीवर कोण येणार? हे आले. कुंपणाच्या फटीतून नाही, चांगले रस्त्याने वळसा घालून, गणवेशात, पुढच्या फाटकातून. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. ह्यांनी घसा साफ केला आणि सख्ख्या भावाला म्हणाले, "नागरिक, आपण उघड्यावर कचरा जाळत आहात."

भाऊजींना आधी हसूच आलं. "नागरिक? अरे दादा, काल माझ्याकडे जेवलास ना? दोनदा रस्सा घेतलास."

"कामावर असताना मी कुणाचा दादा नाही," हे म्हणाले आणि तडक परसात जाऊन आगीवर बादली ओतली.

गिऱ्हाईकं गालातल्या गालात हसली. भाऊजी मात्र हसायचे थांबले ते थांबलेच. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आम्ही जावा कुंपणावरून वाट्यांची देवाणघेवाण करत राहिलो, पण भाऊजींना काही सांगायचं झालं तर ते मला सांगायचे, "वहिनी, साहेबांना सांगा, त्यांच्या स्कूटरचं तेल गळतंय." साहेब तिथेच दोन हातांवर उभे असायचे.

लेक आता जहाजावर इंजिनांचं काम करते. सोमवारी तिला बोटीवर हजर व्हायचं होतं, परत यायला वर्ष लागणार. सुट्टीला घरी येण्याआधी फोनवर म्हणाली, "आई, मला काही नको. रविवारी संध्याकाळी आपल्या परसात शेकोटी हवी, आणि तिच्याभोवती सगळे. बाबा आणि काका शेजारी शेजारी. ते दोघं असे तोंड फिरवून बसलेले असताना मी समुद्रावर जाऊन झोपू कशी?"

मी ह्यांना सांगितलं. शेकोटीला हे लगेच तयार. दुसऱ्या दिवशी खड्डा खणला, भोवती विटा लावल्या, पाण्याची बादली ठेवली, तिच्याशेजारी वाळूची बादली ठेवली, आणि मग जरा विचार करून आणखी एक पाण्याची ठेवली.

"आणि भाऊजी?" मी म्हटलं.

हे विटा सरळ करत राहिले. सरळच होत्या.

"अहो, शेजाऱ्याची संमती लागते ना शेकोटीला? शेजारी कोण आहे आपला? एका बाजूला रस्ता, मागे भिंत."

"माहिताय मला."

"मग मी विचारून येते. दोन मिनिटांचं काम."

"तू विचारून चालत नाही. पेटवणाऱ्याने स्वतः विचारायचं असतं. समोरासमोर."

"हे समोरासमोर कुणी घातलं नियमात?"

"नगरपालिकेने."

"नगरपालिकेला सुचवलं कुणी?"

आता खरं काय ते मला ठाऊक होतं. लोक बायकोला नाहीतर पोराला पाठवतात आणि 'विचारलंय हो' म्हणून मोकळे होतात, त्यावरून भांडणं होतात, असं नगरपालिकेतल्या वरच्या साहेबांना पटवून ह्यांनीच तो शब्द घालून घेतला होता. त्या दिवशी घरी येऊन छाती फुगवून सांगितलं होतं. आता तीच छाती खाली गेली होती. नवऱ्याला कोंडीत पकडल्यावर थोडं गप्प बसावं, जास्त मजा येते.

रविवारी दुपारी हे कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. अंगात इस्त्रीचा सदरा. पलीकडे भाऊजी परसातल्या बाकावर बसून कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होते. गळ्यात टेप, तोंडात दोरा. जाऊबाई कपडे काढायच्या निमित्ताने दोरीपाशी आली. मी आणि लेक आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे धूत होतो. चार बटाटे, पण धुवून संपेनात.

"आज संध्याकाळी," ह्यांनी सुरुवात केली, "सदर परसात शेकोटी करण्याचा विचार आहे. तरी लगतच्या रहिवाशाची..."

भाऊजींनी दोरा दातांनी तोडला. "कोण विचारतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण? साहेब? आज सुट्टी ना साहेबांची?"

"सुट्टी आहे."

"मग विचारून घेतो. कामावर असताना कुणाचे दादा नसता म्हणे. सुट्टीच्या दिवशी असता का?"

"असतो," हे म्हणाले.

"अर्धवेळ का होईना, बरं झालं."

लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की बटाटा निसटून मोरीत गेला. ह्यांनी कुंपणाचं एक पान तोडलं, त्याचे बारीक बारीक तुकडे केले. मला वाटलं, आता फिरतील आणि आत येतील. आत आले असते तर शेकोटी गेली, लेक तशीच गेली, आणि वर्षभर मी त्या तीन बादल्या बघत बसले असते.

"छोट्या," हे म्हणाले, आणि आवाज नेहमीचा नव्हता. "कामावरसुद्धा असतो. त्या दिवशी ते उगाच बोललो. नियम बरोबर होता, मी चुकलो. गिऱ्हाइकांसमोर बोलायला नको होतं."

भाऊजींनी कोट बाकावर ठेवला. जाऊबाईने वाळलेली ओढणी उगाच परत दोरीवर टाकली.

"संमतीचं बघू," भाऊजी म्हणाले. "आधी खड्डा बघतो. डोळे झाकून हो म्हणणारा नागरिक नाही मी."

आणि आले. फटीतून, पोट आत घेऊन. लेक वाढली तशी फट काही वाढली नव्हती.

पुढचा तासभर भाऊजींनी जे केलं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. गळ्यातली टेप काढून त्यांनी भिंतीपासून खड्ड्यापर्यंत अंतर मोजलं, एक टोक लेकीला धरायला लावून. "इथे दोन बोटं कमी पडतायत दादा." "टेप सैल धरलीस." "मी कोटाचं माप घेतो, टेप सैल धरीन?" परत मोजलं. बरोबर भरलं. मग बादल्यांत हात घालून पाणी खरंच पाणी आहे का ते बघितलं. मग लाकडांपाशी वाकले आणि तिथेच थांबले.

"दादा, हे काय आहे?"

"लाकूड."

"कसलं?"

हे जवळ गेले. माळ्यावरचं मोडकं स्टूल ह्यांनी स्वतः फोडून रचलं होतं. सगळ्या तुकड्यांवर जुनं पॉलिश चकाकत होतं. रंगाचं, पॉलिशचं लाकूड जाळायचं नाही, हे तर शाळेतल्या मुलांनाही ह्यांनी सांगून झालेलं. ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता स्वतःलाच 'नागरिक' म्हणतील.

"हे जाळता येत नाही," हे हळूच म्हणाले.

"संमती नाकारू का?" भाऊजींनी विचारलं, आणि ह्यांना तसंच थोडा वेळ ताटकळत ठेवलं. मग फटीकडे वळले. "थांब. माझ्याकडे सुकी फांदी पडलीय. तुझ्या धाकाने पेटवली नाही कधी."

संध्याकाळी सगळे गोल बसलो. ह्यांनी काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही गेली. तिसरी पेटली, फांदीला लावली, फांदीने नुसता धूर दिला आणि मान टाकली. एवढी वर्षं झाली लग्नाला, हे मला तेव्हा कळलं. ह्या माणसाला आग लावताच येत नाही. शिकायची वेळच आली नव्हती.

"तोंडावर वारा घेऊन पेटवतोस होय?" भाऊजी हसायला लागले. "सरक. इकडे बस. बारीक काटक्या आधी, वर मोठ्या. आणि दम धर जरा, ती काय पळून चाललीय?"

हे सरकले, पण लांब नाही. दोघं गुडघ्यावर बसून फुंकर घालत होते. गाल फुगलेले, ढुंगणं वर. लेकीने फोटो काढला. "हा मी बोटीवर इंजिनाच्या खोलीत लावणार," म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून माझ्या पदराला डोळे पुसले. "डोळ्यांत धूर गेला," म्हणाली. वारा दुसऱ्या दिशेने होता.

बटाटे भाजले, अर्धे कच्चे राहिले, सगळ्यांनी खाल्ले. भाऊजी ह्यांच्या शाळेतल्या मारामाऱ्या सांगत होते आणि हे दर वाक्याला "खोटं आहे" म्हणत होते. आठला आग विझवायचा नियम. ह्यांची नजर घड्याळाकडे गेली तसं जाऊबाईने मला कोपर मारलं, "ताई, आज तरी?"

"आज तरी काय," भाऊजीच म्हणाले, "दादा, ऊठ, वेळ झाली. नाहीतर मी तक्रार करीन."

दोघांनी एकेक बादली उचलली आणि मिळून ओतली. चर्रर्र झालं, वाफ वर गेली, परसात अंधार झाला. कुणीच उठलं नाही. ओल्या राखेभोवती आम्ही तसेच बसून राहिलो. लेकीने आतून एक पांघरूण आणलं आणि दोघा भावांच्या पाठीवरून टाकलं. एकच होतं, पुरेना, म्हणून दोघांना जरा चिकटून बसावं लागलं.

"तर मग," अंधारातून ह्यांचा आवाज आला, "त्या मारामारीत आधी दगड कुणी मारला, ते सांग पोरीला. खरं सांग."