टोपली कुणाच्या डोक्यावर

शोभनाताईंनी शेल्फवरची टोपली उचलली, आतून एकदा बोटं फिरवली आणि सरळ होणाऱ्या जावयाच्या डोक्यावर ठेवली.

“हलू नकोस. नुसतं बघतेय, बसते का.”

सौमित्र हलला नाही. शाळेत उंची मोजायला उभं करतात तसा, मान ताठ आणि हात बाजूला ठेवून तो उभा राहिला. काउंटरमागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“ती हॅट नाहीये,” त्या इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

“नो नो, आय नो,” शोभनाताई म्हणाल्या. “बास्केट. फॉर हेड.”

त्यांची लेक स्वानंदी या मंडळींशी आपला काही संबंध नाही अशा आविर्भावात खिडकीपाशी सरकली. मनोहरराव झाकणाच्या एका टोपलीची किंमत वाचून ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल ठेवावं तशी, जागेवर परत ठेवत होते.

अमेरिकेतलं हे नँटकेट बेट टोपल्यांसाठी नावाजलेलं. पूर्वी इथल्या समुद्रात दिव्याची जहाजं, म्हणजे तरंगती दीपगृहंच, नांगरून ठेवलेली असत. त्यांवरच्या खलाशांना महिनोन् महिने दुसरं काही करायला नसे, मग ते टोपल्या विणत बसत. स्वानंदीनं हे सगळं सकाळी येताना फेरीबोटीत फोनवर वाचून दाखवलं होतं. लग्नाच्या गडबडीत आईबाबांना एक दिवस मोकळी हवा मिळावी, लाइटहाउस बघावं, आइस्क्रीम खावं, एवढाच तिचा हेतू होता. शोभनाताई मात्र टोपलीसाठी आल्या होत्या, आणि हे त्यांनी फेरी धक्क्यावरून सुटेपर्यंत कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा मध्ये पाणी आल्यावर कोण परत फिरणार?

टोपली खरं तर त्यांनी पुण्याहून आणली होती. बुरूड आळीत स्वतः जाऊन, वेळूची, चांगली घट्ट विणीची. पण बॅग भरली मनोहररावांनी, आणि टोपलीवर त्यांनी लोणच्याच्या दोन बरण्या, मेतकूट आणि भाजणी रचली. बॉस्टनला बॅग उघडली तेव्हा टोपलीचा पापड झाला होता. “लोणचं तर फुटलं नाही ना?” असं ते म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांना ते लोणचं ताटात मिळालं नाही.

आणि टोपलीवाचून लग्नातली झाल कशी करायची?

“आई, त्या विचारतायत हे काय आहे,” स्वानंदी खिडकीजवळूनच म्हणाली. “प्लीज, डोक्यावरून काढ आधी.”

“तूच सांग की. तुझं इंग्लिश चांगलं आहे.”

स्वानंदीनं एक मोठा श्वास घेतला. मागे व्हिडिओ कॉलवर हिनंच ‘मी काय पार्सल आहे, सही करून घ्यायला?’ असं विचारलं होतं. पुढे बरीच घासाघीस होऊन ‘कर काय ते, पण पाच मिनिटांत’ इथवर गाडी आली होती. आता तीच मुलगी परक्या बाईला समजावून सांगू लागली, की आमच्यात लग्न लागलं, की वेळूच्या टोपलीत दिवे ठेवतात. मुलीचे आईवडील ती टोपली मुलाकडच्यांच्या डोक्यावर एकेक करून ठेवतात. मुलाच्या आईच्या, वडिलांच्या, काकांच्या, सगळ्यांच्या. आणि म्हणतात, की ही आमची लाडाची लेक...

ती थांबली. तिनं आईकडे पाहिलं.

“पुढे काय म्हणतात गं नेमकं?”

“लाडानं वाढवली, आता तुमच्या ओटीत घालतोय. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.”

स्वानंदीनं ते इंग्रजीत सांगितलं. ओटी या शब्दापाशी जरा अडखळली, मग म्हणाली, मांडीवर देतोय. बाईंनी मान हलवली आणि सौमित्रच्या डोक्यावरची टोपली स्वतःच नीट सरळ केली.

“पण ही वेताची दिसतेय,” शोभनाताई टोपलीच्या कडेला नख लावत म्हणाल्या. “वेळूचीच लागते. विचार ना.”

विचारलं. बाई म्हणाल्या, वेत इथे कुठला उगवायला, तो जुन्या काळापासून जहाजांतून आशियातूनच येतो.

“मग झालं तर! आपल्याच बाजूचा आहे,” शोभनाताईंनी लगेच निकाल दिला. “चालेल.”

किमतीचं मात्र चालण्यासारखं नव्हतं. तेव्हा बाईंनी आतून एक टोपली आणून दिली. शिकाऊ विणकरांच्या वर्गात कुणीतरी विणलेली, काठ एका बाजूला किंचित कलता. तिची किंमत वाचून मनोहररावांनी पहिल्यांदाच खिशात हात घातला. सौमित्रही पाकीट काढू लागला तसा शोभनाताईंनी त्याचा हात धरला.

“झाल मुलीकडची असते. तू मध्ये पडायचं नाही.”

“बरं, काकू.”

“आणि तुझ्याकडून डोकी किती, ते मला अजून कळलेलं नाही.”

हे हसत विचारलं होतं, पण त्यांना लागून राहिलं होतं ते हेच. मुलाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. जेवून उठला की ताट विसळून ठेवायचा, आणि मनोहररावांचा तोच किस्सा तिसऱ्यांदा ऐकतानाही पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. पण त्याला घरचं असं कुणी नव्हतं. वडील लहानपणीच गेले, आई तो बारावीत असताना. नागपूरच्या मामांनी सांभाळलं, पुढे होस्टेल, मग इथे अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात विद्यार्थ्यांचं भाड्याचं घर. मामांना आता विमानप्रवास झेपणार नव्हता. मुलगी सोपवायची म्हणजे समोर हात पसरून घेणारं कुणीतरी हवं ना! भाजी निवडतानाही त्यांच्या मनात हेच घोळत असे, आणि हे बोलायचं कुणाशी?

“कुश आणि शिव येतायत ना,” सौमित्र म्हणाला. “चार वर्षं रूममेट्स होते माझे. शिव तर डाळही चांगली करायचा. त्याच्या डोक्यावर ठेवा, सासूबाई म्हणून.”

“यार, प्लीज!” स्वानंदी खो खो हसत सुटली. “शिव सासूबाई!”

शोभनाताईही हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या. बाहेर आल्यावर त्यांनी टोपली कुणालाच धरायला दिली नाही. लाइटहाउसपाशी फोटो काढताना ती त्यांच्या काखेत होती, आणि आइस्क्रीम खाताना मांडीवर.

परतीच्या फेरीत वरच्या डेकवर जागा मिळाली. ऊन उतरलं होतं, वारा मात्र भरपूर. स्वानंदी सगळ्यांसाठी कॉफी आणायला खाली गेली. मनोहरराव कानावर टोपी ओढून समुद्र बघत बसले.

सौमित्र शोभनाताईंच्या शेजारी येऊन बसला.

“काकू, ते दुकानात म्हणालात ना, ते परत सांगाल?”

“कुठलं रे?”

“लाडानं वाढवली, ते.”

शोभनाताईंनी सांगितलं. तो ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला. ‘चुकलं-माकलं’पाशी पुन्हा विचारून घेतलं. मग त्यानं त्यांच्या मांडीवरची टोपली उचलली.

“बघू दे जरा,” असं तो म्हणाला आणि उठून त्यांच्या समोर उभा राहिला. फेरी हलत होती, तो पाय रोवायला बघत होता. शोभनाताईंना वाटलं, पोराला चक्कर येतेय की काय.

त्यानं टोपली त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“माझ्याकडून म्हणायला कुणी नाहीये, म्हणून मीच म्हणतो,” तो म्हणाला. आवाज वाऱ्यात जाऊ नये म्हणून त्याला जरा मोठ्यानंच बोलावं लागलं, आणि समोरच्या बाकावरचं एक जोडपं वळून बघू लागलं. “आईनं लाडानं वाढवलं, मग मामांनी. त्यानंतर माझं मीच, जमेल तसं. आता तुमच्या ओटीत घालतोय. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.”

टोपली उडू नये म्हणून शोभनाताईंनी ती एका हातानं धरली. दुसऱ्या हातानं सौमित्रचा दंड घट्ट धरला. इतके दिवस आपण त्याच्याकडची डोकी मोजत होतो, आणि हा पोरगा आपल्याकडची शोधत होता, हे कळून त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. वाऱ्यानं आलं म्हणता आलं असतं, पण तसं म्हणावंसंही वाटलं नाही.

“घेतला रे,” त्या म्हणाल्या. “घेतला बाळा.”

तेवढ्यात स्वानंदी कॉफीचे चार कप सावरत जिना चढून आली. आईच्या डोक्यावर टोपली, समोर सौमित्र ओणवा उभा, आणि बाकाच्या टोकाला बाबा टोपी काढून, मान खाली घालून, हात जोडून बसलेले.

“हे काय चाललंय?”

“गप्प बस जरा,” शोभनाताई म्हणाल्या. “मुलाकडची झाल चालू आहे. तुझ्या बाबांच्या डोक्यावर अजून ठेवायची राहिलीय.”