हायड्रेंजियाच्या मुळाशी

यज्ञेश्वरांची सगळी नोकरी पाचगणीच्या एका शाळेत गेली. निवृत्तीनंतर ते आणि श्यामलाताई कात्रजला, टेकडीच्या पायथ्याशी तळमजल्याच्या घरात राहायला आले आणि दोनच वर्षांत यज्ञेश्वरांना पक्षाघात झाला. डावं अंग लुळं पडलं. जीभ जड झाली, तिरकसपणा मात्र शाबूत राहिला. दिवसभर ते भिंतीकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "तिकडं क्वार्टरसमोर निळ्या गुच्छांची हायड्रेंजिया होती. इथं काय, तुझा ओवा नि तुळस."

श्यामलाताई दुसऱ्याच दिवशी नर्सरीत गेल्या. तिथल्या बाई स्पष्ट बोलल्या, "पुण्याचा उन्हाळा याला सोसत नाही. घ्यायचंच तर हे रुंद, जाड पानांचं घ्या. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी पूर्ण सावली आणि मुळाशी सतत गारवा. निळा रंग मात्र विसरा, इथल्या पाण्याला गुलाबीच येतो."

पूर्वेकडच्या भिंतीलगत जागा ठरली. वर हिरवी जाळी बांधली, मातीत कुजलेला पाला मिसळून रोपं लावली, मुळांवर सुक्या पानांचा आणि नारळाच्या शेंड्यांचा जाड थर पसरला. सकाळ-संध्याकाळ पाणी. एप्रिलमध्ये टेकडी जळून पिवळी पडली, पण हा कोपरा ओला, गार राहिला. रोपांना टपोऱ्या कळ्या धरल्या. बुलबुल येऊ लागले, मग बेडूक आले. यज्ञेश्वर रोज न्याहारीनंतर वेताची खुर्ची तिथंच टाकून घ्यायचे. श्यामलाताईंना वाटायचं, चला, माणूस पुन्हा बाहेर बघायला लागला.

त्या सकाळी त्या नळी ओढत कोपऱ्याकडे निघाल्या, तेव्हा सूंऽऽ असा आवाज येत होता. कुकरची शिट्टी अडकावी तसा. नळी फुटली की काय, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. नळाची तोटी तर अजून बंदच होती.

आवाज खुर्चीखालून येत होता.

नवऱ्याच्या डाव्या पावलाला लागून, अर्धं पानांच्या थरात आणि अर्धं बाहेर, एक जाडजूड वेटोळं पडलं होतं. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके. घोणस. टेकडीवरच्या लोकांकडून त्यांनी वर्णन ऐकलं होतं. श्यामलाताईंच्या हातातली नळी कधी सुटली ते कळलं नाही.

लुळ्या पावलाला स्पर्श कळत नव्हता. पण उजवा पाय धड होता, उजव्या हाताशी काठी होती. यांनी नुसती काठी आपटली, खुर्ची सरकवली, तरी संपलं.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटलं. "जरा तसेच बसा हं. हलू नका. कळ्यांचा... कळ्यांचा फोटो काढायचाय."

यज्ञेश्वरांनी मान हलवली नाही. समोर बघतच राहिले.

शेजारच्या मंदाकिनीबाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. श्यामलाताईंनी हातानं खुर्चीखाली दाखवलं. मंदाकिनीबाईंच्या हातातला पंचा खाली पडला. त्या आत पळाल्या आणि फोनवर साप पकडणाऱ्या सर्पमैत्रिणीला पत्ता सांगताना त्यांचा आवाज खिडकीतून येत राहिला.

मग नुसतं थांबायचं. ऊन जाळीतून हळूहळू सरकत खुर्चीकडे येत होतं. सावली गेली की साप हलणार, कुठे हलणार? श्यामलाताई बोलत राहिल्या, थांबलं की रडू फुटेल म्हणून. कोणतं रोप आधी फुलेल, पाणी किती घालायचं, काय वाट्टेल ते. यज्ञेश्वरांच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात उतरला, तरी त्यांनी पुसला नाही.

"तुम्हाला माहीत आहे," त्या कुजबुजल्या.

"घोणस," ओठ न हलवता ते म्हणाले. "मघापासून."

"मग हाक नाही मारायची?"

"धावत आली असतीस. अनवाणी."

श्यामलाताईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. चपला उंबऱ्यापाशीच राहिल्या होत्या.

ती सर्पमैत्रीण, उल्का नावाची मुलगी, स्कूटरवरून आली. कॉलेजात शिकवायची. "काका, स्टॅच्यू व्हा. मस्त करताय," म्हणत ती लांब आकडा घेऊन गुडघ्यावर बसली. सापाचा आवाज इतका वाढला की मंदाकिनीबाईंनी कान झाकले. एक झटका, धूळ, पानं उधळली आणि वेटोळं पिशवीत गेलं.

"मादी आहे. बहुतेक पोटात पिल्लं असतील," उल्का पिशवी बांधत म्हणाली. "बाहेर सगळं तापलंय ना, तिला इथला गारवा मिळाला. हा पाल्याचा थर आजच काढा."

श्यामलाताई मटकन खाली बसल्या आणि नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघू लागल्या. कुठे ओरखडाही नव्हता. यज्ञेश्वरांनी आता उजव्या हातानं डोळ्यातला घाम पुसला.

"सगळी रोपं उपटून टाकते आत्ता," त्या म्हणाल्या.

"फुलू दे," ते म्हणाले. "कुंडीत लाव. वर कुठेतरी."

कुंड्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात, उंच लोखंडी घडवंचीवर गेल्या. मुळांवर पाल्याऐवजी खडी आली. जुलैत गुलाबी, जरा खुरटीच फुलं आली. यज्ञेश्वर समोर बसून बघायचे. श्यामलाताई मात्र पाणी घालण्याआधी काठीनं प्रत्येक कुंडी ठोकायच्या आणि कान देऊन उभ्या राहायच्या. पलीकडच्या घरात कुणाचा कुकर फुसफुसला, तरी त्यांचा हात नवऱ्याच्या खांद्यावर घट्ट आवळला जायचा.